प्रसूतिशास्त्राची रेसिडेन्सी: लेबर रूमच्या पहिल्या दिवसापासून थीसिसच्या शेवटच्या पानापर्यंत

नीट-पीजीच्या (पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या) समुपदेशनात ऑब्स-गायनी, म्हणजे प्रसूती आणि स्त्रीरोग, मिळालेल्या नव्या जेआर-वनसाठी (पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरसाठी) हा लेख आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी किंवा पालिकेच्या महाविद्यालयात रुजू होणारे डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, पण बरंचसं कुठेही लागू पडेल. पुस्तकात जे नीट मिळतं ते इथे पुन्हा लिहीत नाही. जे कोणी बसवून सांगत नाही आणि रात्री दोन वाजता एकदम लागतं, तेवढंच घेतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. लेबर रूममधलं काम आणि थीसिस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं समजून बहुतेक जण सुरुवात करतात. दिवसा-रात्री पेशंट बघायचे आणि वेळ मिळाला की ‘रिसर्च’ करायचा, असा हिशेब असतो. तो वेळ कधीच मिळत नाही. थीसिसचा डेटा म्हणजे तुम्ही ड्युटीवर केसपेपरवर जे लिहिता तेच. ते वेळेवर आणि खरं लिहिलं, तर पेशंटही सुरक्षित राहतो आणि थीसिसही उभा राहतो.

रुजू झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस

वाचन बाजूला ठेवा, जागा ओळखा. इमर्जन्सी ट्रॉली कुठे असते, पीपीएच (प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव) आणि एक्लॅम्पसियाचे (गरोदरपणातल्या झटक्यांचे) ट्रे कुठे असतात, त्यात काय आहे आणि काय संपलंय, हे स्वतः उघडून बघा. ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळणारं औषध, फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. ते उन्हाळ्यात ट्रेमध्ये पडून राहिलं तर त्याचा जोर कमी होतो, आणि मग गर्भाशय आवळत का नाही म्हणून आपण डोकं धरून बसतो. ब्लड बँकेपर्यंत चालत किती वेळ लागतो, रात्री ओटीचा (शस्त्रक्रियागृहाचा) फोन कोण उचलतं, भूलतज्ज्ञ कुठल्या मजल्यावर असतात, हे माहीत करून घ्या.

लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरशी पहिल्याच दिवशी नीट ओळख करून घ्या. त्यांनी तुमच्याएवढे पंचवीस जेआर-वन येताना आणि जाताना पाहिलेले असतात. ‘डॉक्टर, ही आता होणार’ असं त्या म्हणाल्या तर ग्लोव्हज घाला, वाद घालू नका.

डबल ग्लोव्हज, गॉगल आणि प्लास्टिकचा अ‍ॅप्रन यांची सवय पहिल्याच प्रसूतीपासून लावा. सुई टोचली तर ‘नंतर बघू’ नाही. जखम साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीसाठीची पीईपी (संसर्ग टाळणारी औषधं) पहिल्या काही तासांत सुरू व्हायला हवी, ७२ तासांनंतर तिचा उपयोग नसतो.

हिस्टरी: तारखेपासून सुरुवात

शेवटच्या पाळीची तारीख विचारली की पुष्कळ जणी गोंधळतात. सण विचारा. ‘संक्रांतीला बाहेर बसले होते’, ‘नागपंचमीच्या दोन दिवस आधी’ अशी उत्तरं पटकन येतात आणि कॅलेंडरवर ती बऱ्यापैकी अचूक बसतात. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी असेल तर ती सर्वात भरवशाची. मात्र नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून तारखा बदलू नका. बाळ लहान दिसतंय म्हणून दिवस कमी धरले, तर वाढ खुंटलेलं बाळ आपल्या हातून निसटतं.

आधी सिझर झालं असेल तर ते का झालं आणि कुठे झालं, दोन्ही विचारा. जुना डिस्चार्ज कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत असतो. नवऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवायला सांगा.

तक्रारी त्यांच्या शब्दांत लिहा. गरोदर बाई ‘पित्त झालंय, पोटात वरच्या बाजूला जळजळतंय’ म्हणाली तर अँटासिडच्या आधी बीपीचा पट्टा बांधा. त्याच्या जोडीला डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तिला बाकावर बसवून ठेवू नका. ‘बाळ हलत नाही’ ही तक्रार रांगेत सर्वात पुढे घ्यायची. बीपी स्वतः मोजा. केसपेपरवर आधीच लिहून ठेवलेला ११०/७० हा आकडा महाराष्ट्रातल्या निम्म्या ओपीड्यांत छापल्यासारखा सापडतो.

बोलण्याबद्दल थोडं. ‘ताई’ म्हणा, सासूला ‘मावशी’ म्हणा. कळा देणाऱ्या बाईवर ओरडल्याने प्रसूती लवकर होत नाही. २०१७ साली केंद्र सरकारने आणलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानाने वागवणं आणि सोबतीला एक नातेवाईक बाई असणं, दोन्ही लेबर रूमच्या गुणवत्तेत धरलं आहे. सोबतीण आत घेतली की गर्दी होते, हे खरं. पण बाईला धीर देणं, पाणी पाजणं, पाठ चोळणं ही कामं ती करते, आणि अंगावरून जास्त जातंय हेही कित्येकदा तिलाच आधी दिसतं.

पोट आधी, पीव्ही (योनीतून तपासणी) नंतर

नवा माणूस थेट ग्लोव्ह चढवतो. आधी पोटावर हात ठेवा. बाळ कसं आहे, डोक्याचे पाचपैकी किती भाग अजून कटीच्या हाडाच्या वर आहेत, दहा मिनिटांत किती कळा येतात आणि प्रत्येक किती सेकंद टिकते, हे सगळं पोटावरून कळतं. बाळाचे ठोके पूर्ण एक मिनिट ऐका, कळ संपता संपता ऐका. पहिल्या टप्प्यात (गर्भाशयमुख पूर्ण उघडेपर्यंत) साधारण दर अर्ध्या तासाने, दुसऱ्या टप्प्यात (त्यानंतर बाळ बाहेर येईपर्यंत) दर पाच मिनिटांनी. पंधरा सेकंद ऐकून चारने गुणलं तर कळेनंतरची घसरण हमखास सुटते.

पीव्ही दर चार तासांनी, विचारून, पडदा लावून. एकाच बाईची जेआर-वन, जेआर-टू आणि दोन इंटर्न यांनी ओळीने तपासणी करायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. त्यातून संसर्ग वाढतो आणि बाईची अवहेलना होते ती वेगळी. आणि एक नियम पाठ करून ठेवा. अंगावरून रक्त जात असेल, तर वार (प्लासेंटा) खाली, गर्भाशयमुखावर नाही हे कळेपर्यंत बोट घालायचं नाही.

पार्टोग्राफ: यावर थोडं थांबतो

पार्टोग्राफ म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते ते तासातासाने मांडायचा आलेख. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ साली अमेरिकेत पहिलटकरणींच्या गर्भाशयमुखाची उघडण्याची गती आलेखावर मांडली. त्याचं रोजच्या वापरातलं हत्यार मात्र आफ्रिकेत घडलं. आज ज्या शहराला हरारे म्हणतात तिथे फिलपॉट आणि कॅसल यांनी १९७२ साली या आलेखावर दोन तिरक्या रेषा ओढल्या. पहिली इशारा देणारी, दुसरी चार तासांनंतरची, कृती करायला लावणारी. त्यांच्या दूरच्या दवाखान्यांत डॉक्टर नव्हते. सुईणीला ‘आता हिला मोठ्या रुग्णालयात पाठव’ हे कागदाने वेळेवर सांगावं, एवढाच हेतू होता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने आग्नेय आशियात ३५ हजारांहून अधिक बाळंतिणींवर हा आलेख वापरून पाहिला. १८ तासांपेक्षा लांबलेल्या प्रसूतींचं प्रमाण ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आलं. ते निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले.

२०२० साली संघटनेने ‘लेबर केअर गाइड’ आणलं. त्यात कळांचा सक्रिय टप्पा गर्भाशयमुख चार नव्हे, पाच सेंटिमीटर उघडल्यापासून धरतात. तासाला एक सेंटिमीटर हा सरसकट नियम त्यात नाही. प्रत्येक सेंटिमीटरसाठी वेगळी मर्यादा आहे. सोबतीण आहे का, पाणी प्यायली का, वेदना कमी करायला काय केलं, हेही रकाने आहेत. तुमच्या युनिटमध्ये जुना कागद चालतो की नवा, ते विचारा आणि तोच पूर्ण भरा. दोन्ही अर्धे भरू नका.

आता नको असलेली गोष्ट. कित्येक लेबर रूममध्ये पार्टोग्राफ बाळ झाल्यावर भरतात. सगळ्या जणी तासाला बरोबर एक सेंटिमीटरने उघडतात, सगळ्या बाळांचे ठोके १४०. तपासणी पथक आलं की हे कागद सुंदर दिसतात. पण इशारा देण्यासाठी बनवलेला कागद घटना घडून गेल्यावर भरला, तर त्याने कोणाला इशारा द्यायचा? रात्री आठ बाळंतिणी आणि तुम्ही एकटे असाल, तर सगळे रकाने भरले जाणार नाहीत. जे बघितलं ते वेळेसह लिहा, जे राहिलं ते रिकामं सोडा. रिकामी जागा वाचणाऱ्याला निदान खरं सांगते. पुढे कोणीतरी या केसपेपरांवर थीसिस करणार असतो, कदाचित तुम्हीच.

रक्त: डोळ्याने मोजू नका

बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटात १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत. मग नाळ, मग वार. वार पूर्ण आली का ते उजेडात धरून बघा. हे सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते पुढच्या पायरीवर, किती रक्त गेलं या अंदाजात. केसपेपरवर सर्रास ‘ब्लड लॉस २०० मिली’ असतं. चादर भिजलेली, बादलीत गुठळ्या, तरीही दोनशेच.

यावरचं महत्त्वाचं काम आपल्या शेजारीच झालं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसोबत आकडे छापलेला प्लास्टिकचा ड्रेप वापरला. बाईच्या खाली तो ठेवायचा, रक्त पिशवीत जमतं आणि आकडा दिसतो. डोळ्याचा अंदाज आणि ड्रेप यांची तुलना केल्यावर डोळ्याने रक्तस्राव बराच कमी धरला जातो हे दिसलं. याच भागातल्या उपकेंद्रांत एएनएमनी (परिचारिका-सुईणींनी) केलेल्या चाचणीत १,६२० बाळंतिणी होत्या. निम्म्यांना बाळ झाल्यावर तोंडाने ६०० मायक्रोग्रॅम मिझोप्रोस्टॉल (हेही गर्भाशय आवळणारंच औषध) दिलं. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं, आणि ‘लॅन्सेट’ने ते २००६ साली छापलं. उपकेंद्रातली चाचणी जगभर उद्धृत होते, हे ‘आमच्याकडे सोयी नाहीत, आम्ही काय रिसर्च करणार’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

२०२३ साली ‘ई-मोटिव्ह’ चाचणीचे निष्कर्ष आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथली ८० रुग्णालयं, दोन लाखांहून अधिक प्रसूती. ड्रेपने लवकर ओळखायचं आणि मग एकामागून एक नव्हे, सगळं एकदम करायचं: गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड (गुठळी टिकवून रक्त थांबवणारं औषध), शिरेतून द्रव, आणि रक्त कुठून येतंय ते तपासून वरिष्ठांना बोलावणं. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, या एकत्रित परिणामात ६० टक्के घट झाली. नवं औषध त्यात एकही नव्हतं.

म्हणून तुमच्यासाठी क्रम असा. ड्रेप मागा. नसेल तर वजनकाट्यावर पॅड आणि कापडं मोजा, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. योनिमार्गे प्रसूतीत ५०० मिली ही सीमा आहे खरी, पण हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईला तीनशेही झेपत नाहीत, म्हणून आकड्यासोबत नाडी बघा. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम शिरेतून सावकाश, आणि तीन तासांच्या आत. २० हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या २०१७ सालच्या ‘वुमन’ चाचणीने ही वेळेची अट दाखवून दिली. एवढ्यावर भागलं नाही तर गर्भाशयात फुगवून रक्त दाबून धरायचा बलून. महागडा बलून नसेल तर कंडोम आणि कॅथेटर. ढाक्याच्या डॉ. सईबा अख्तर यांनी ही युक्ती रूढ केली आणि आज ती आपल्या जिल्हा रुग्णालयांतही चालते.

वरिष्ठांना फोन करताना ‘मॅडम, जरा ब्लीडिंग आहे’ असं म्हणू नका. ‘प्रसूतीला वीस मिनिटं झाली, ड्रेपमध्ये सातशे, नाडी १२०, बीपी ९० वर ६०, ट्रॅनेक्झॅमिक दिलंय, तुम्ही या’ असं बोला.

झटके

एक्लॅम्पसियाच्या झटक्यांवरचं औषध, मॅग्नेशियम सल्फेट, तोंडपाठ हवं. प्रिचर्ड पद्धतीत सुरुवातीला ४ ग्रॅम शिरेतून सावकाश आणि दोन्ही नितंबांत ५-५ ग्रॅम, मग दर चार तासांनी ५ ग्रॅम. पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहे, लघवी तासाला ३० मिलीच्या वर आहे. कॅल्शियम ग्लुकोनेट, म्हणजे त्याचा उतारा, उशाशी. ३३ देशांत झालेल्या २००२ सालच्या ‘मॅगपाय’ चाचणीत या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला होता. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी भारतीय स्त्रियांसाठी कमी मात्रेची पद्धत मांडली आणि २००३ साली प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात काही युनिट ती वापरतात. कोणती चालते ते विचारून घ्या, आपल्या मनाने दोन्हींचं मिश्रण करू नका.

कायदे, थोडक्यात

नोंदणी आणि पात्रता नसताना सोनोग्राफीच्या प्रोबला हात लावू नका. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा एफ फॉर्म (गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालचा) पूर्ण भरलेला हवा. त्यात राहिलेली एक रिकामी जागाही महागात पडते. गर्भपाताच्या मर्यादा २०२१ च्या दुरुस्तीनंतर बदलल्या आहेत, जुन्या नोट्स फेकून द्या. अठराखालची मुलगी गरोदर असेल तर ‘पोक्सो’खाली (मुलांच्या लैंगिक शोषणाविरोधी कायद्याखाली) कळवणं बंधनकारक आहे, मग लग्न झालेलं असो वा नसो. ते काम वरिष्ठांना सांगून, पण त्याच दिवशी.

थीसिस: विषय

आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियात एम.डी.साठी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावर, ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ या विषयावर. तेव्हापासून मराठी माणसांनी या विषयावर किती प्रबंध लिहिले असतील त्याची गणती नाही, आणि त्यातले बरेचसे ग्रंथालयाच्या कपाटात बांधून पडले आहेत. तुमचा तसा होऊ नये असं वाटत असेल, तर विषय वॉर्डातून निवडा. मागच्या बॅचचा विषय घेऊन गावाचं नाव बदलू नका.

रुजू झाल्यावर महिनाभर एक वही ठेवा. राउंडला ज्या प्रश्नावर दोन वरिष्ठांचं एकमत होत नाही, तो लिहून ठेवा. तिथेच विषय असतो. एका मार्गदर्शकाकडे तीन प्रश्न घेऊन जा, रिकाम्या हाताने ‘सर, टॉपिक द्या’ म्हणत जाऊ नका.

पहिल्यांदा संशोधन करणाऱ्याला झेपेल असं एक उदाहरण देतो. सिझरचं प्रमाण वाढलंय असं सगळेच म्हणतात, पण कोणाचं? मायकेल रॉबसन यांनी २००१ साली मांडलेल्या वर्गीकरणात प्रत्येक बाळंतीण दहापैकी एकाच गटात बसते. आधीची बाळंतपणं, आधीचं सिझर, दिवस, कळा आपोआप की औषधाने, बाळाची स्थिती आणि बाळांची संख्या, एवढंच लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून त्याची शिफारस केली आहे. तुमच्या रुग्णालयात पाचव्या गटातल्या, म्हणजे आधी सिझर झालेल्या आणि आता दिवस भरलेल्या, किती जणींना नॉर्मलची संधी दिली गेली आणि किती जणींना ती मिळून यश आलं, हा प्रश्न छोटा आहे, पण त्याच्या उत्तराने युनिटचं धोरण बदलू शकतं. नवं औषध तपासण्याची यादृच्छिक चाचणी (जणू चिठ्ठ्या टाकून गट पाडायची) मात्र पहिल्याच फटक्यात डोक्यावर घेऊ नका.

कागदपत्रं आणि संमती

सिनॉप्सिसची (थीसिसच्या आराखड्याची) मुदत पहिल्या काही महिन्यांत असते. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं आणि महाविद्यालयाचं वेळापत्रक दोन्ही बघा. संख्याशास्त्रज्ञाला डेटा गोळा करून झाल्यावर नाही, सिनॉप्सिस लिहिताना भेटा. किती बाळंतिणी लागतील हे तेव्हाच ठरतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) राष्ट्रीय साथरोग संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन कोर्स पदव्युत्तर विद्यार्थ्यांना बंधनकारक आहे. तो पहिल्या वर्षीच उरका.

संस्थेच्या एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी येण्याआधी एकही फॉर्म भरायचा नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत गर्भवती स्त्रिया विशेष संरक्षण लागणाऱ्या गटात येतात, त्यामुळे कमिटी प्रश्न जास्त विचारते, आणि विचारावेतच. तुमच्या अभ्यासात कोणताही हस्तक्षेप असेल तर सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी पहिली बाई घेण्याआधी झालेली हवी.

संमतीपत्र मराठीत लिहा. इंग्रजी मजकूर मशीनमधून काढून चिकटवू नका. ‘सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी हरकत नाही’ असल्या वाक्याने कोणाला काही कळत नाही. ‘तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे उपचार असेच चालू राहतील’ हे वाक्य पहिल्या परिच्छेदात हवं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला ते वाचून दाखवायचं, संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा, मग अंगठा. आठ सेंटिमीटरवर कळा देणाऱ्या बाईकडून सही घेतली तर ती संमती नव्हे. लेबर रूममधला अभ्यास असेल तर ओपीडीत, नवव्या महिन्याच्या भेटीत विचारा. नवऱ्याची परवानगी ही तिच्या संमतीची जागा घेत नाही. सासूला मात्र समजावून सांगा, नाहीतर दुपारी दिलेली संमती संध्याकाळी परत जाते.

डेटा

फॉर्म आधी आठ-दहा जणींवर भरून बघा. ज्या रकान्याचं उत्तर दर वेळी ‘माहीत नाही’ येतं, तो काढा. फॉर्म त्याच दिवशी भरा. एक्सेलमध्ये एका ओळीत एक बाळंतीण, एका रकान्यात एकच गोष्ट. ‘१२०/८०’ एका चौकटीत लिहिलं तर पुढे सरासरी काढता येत नाही. नाव आणि फोन नंबर वेगळ्या फाइलमध्ये, मुख्य शीटमध्ये फक्त क्रमांक. किती जणींना विचारलं, किती नाही म्हणाल्या, किती मध्येच दुसऱ्या रुग्णालयात गेल्या, हे पहिल्या दिवसापासून लिहा. परीक्षक नेमकं तेच विचारतो, आणि ते नंतर आठवत नाही. थीसिस अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा असतो, म्हणजे गोळा करायला हातात साधारण दीड वर्षच असतं.

मृत्यूची बैठक आणि जिल्ह्यातले तीन महिने

नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८ ते २० या काळात भारतात लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. आकडा लहान वाटतो, पण संदर्भ (रेफरल) रुग्णालयात काम करताना त्यातली एखादी केस तुमच्या ड्युटीवर येणार. तेव्हा केसपेपर ‘नीट’ करायचा दबाव येऊ शकतो. मागाहून काही लिहायचंच असेल तर मागाहून लिहिल्याची तारीख, वेळ आणि सही घाला. माता मृत्यू आढाव्यात कोणाला दोषी ठरवायचं नसतं, उशीर कुठे झाला ते शोधायचं असतं: घरी, रस्त्यात की रुग्णालयात.

तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात जिल्हा रेसिडेन्सीचे तीन महिने येतात. त्यांना सुट्टी समजू नका. मेडिकल कॉलेजात येणारी प्रत्येक ‘उशिरा पाठवलेली’ केस तिथून निघालेली असते. १०८ ला फोन कधी लागला, गाडी किती वाजता आली, सोबत कोण होतं, निघण्याआधी मॅग्नेशियमचा पहिला डोस दिला का, तो चिठ्ठीवर लिहिला का, हे तिथे बसून बघा. आणि तुम्ही स्वतः रेफर कराल तेव्हा चिठ्ठीवर ‘फॉर फर्दर मॅनेजमेंट’ एवढंच लिहून गाडी सोडू नका. बीपी, ठोके, दिलेली औषधं आणि त्यांच्या वेळा लिहा, आणि पुढच्या रुग्णालयातल्या जेआर-वनला फोन करून सांगा.